जिमखाना : गेंदघरातून डेक्कनपर्यंत

जिमखाना हा शब्द इंग्रजी कोशात आहे, मराठी बोलण्यात आहे आणि पुण्याच्या नकाशावरही आहे. तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. इंग्लंडमध्ये जिमखाना म्हणजे तट्टांवर बसलेल्या मुलामुलींच्या गमतीदार शर्यतींचा मेळावा. मराठीत ती खेळांची संस्था, तिचे मैदान आणि इमारत. महाविद्यालयात मात्र तो खेळांचा विभाग. आणि पुण्यात 'जिमखान्यावर राहतात' असे म्हटले की लकडी पुलापलीकडची एक वस्ती डोळ्यांसमोर येते. तिथल्या रहिवाशाने आयुष्यात चेंडूला हात लावलेला नसला, तरी काही बिघडत नाही.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा आंग्ल-भारतीय शब्दांचा कोश १८८६ साली निघाला. जिमखाना हा शब्द त्यांच्या दृष्टीने अगदी नवा होता; चाळीस वर्षांपूर्वी तो कोणाला ठाऊक नव्हता, असे ते नोंदवतात. त्यांना सापडलेला सर्वांत जुना वापर रुडकी येथील, १८६१ सालचा. शब्द घडला मात्र मुंबई इलाख्यात असावा, असे त्यांचे मत आहे. १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो शोधण्यात अर्थच नाही.

तो घडला कसा, याचे त्यांनी दिलेले उत्तर आजही बहुतेक कोशकार मान्य करतात. छावणीतले गोरे अधिकारी भिंतीवर चेंडू मारून रॅकेट्स नावाचा खेळ खेळत. त्यासाठी बांधलेल्या उंच भिंतींच्या बंदिस्त जागेला हिंदुस्थानी नोकरचाकर 'गेंदखाना' म्हणत. साहेबाच्या कानाला त्यातला 'गेंद' अनोळखी होता. 'जिम' मात्र शाळेपासून ओळखीचा, जिम्नॅस्टिक्सचा आखूड केलेला. ब्रिटिश सैन्यात कवायती व्यायामाचे स्वतंत्र पथक उभे राहिले ते १८६० साली, म्हणजे रुडकीच्या नोंदीच्या अगदी आधी. त्या दिवसांत 'जिम' हे अक्षर सैनिकांच्या तोंडी असणारच. गेंद गेला, जिम आला आणि खाना जागेवरच राहिला. 'जमातखाना' या शब्दावरून जिमखाना आला, अशीही एक सूचना पुढे आली होती. विल्यम क्रुक यांनी १९०३ साली सुधारलेल्या आवृत्तीत ती असंभाव्य ठरवली आहे.

शब्द मुंबई इलाख्यात घडला असला तरी तो मराठीत घडला नाही, हेही यावरून दिसते. मराठीत गेंद म्हणजे फुलांचा गुच्छ किंवा गोंडा. खेळायचा तो चेंडू. मराठी माणसाने या जागेला नाव दिले असते, तर ते चेंडूखाना झाले असते. पण छावणीची बोली हिंदुस्थानी होती आणि पुण्याच्या लष्करातही तीच चाले.

'जिम'चे मूळ ग्रीक आहे. 'जिम्नॉस' म्हणजे उघडा, विवस्त्र; ग्रीक तरुण उघड्या अंगाने व्यायाम करत म्हणून त्या जागेला जिम्नॅशियम म्हणू लागले. या अर्थाच्या सर्वांत जवळ पुण्यात काही असेल, तर ती लंगोट लावून तांबड्या मातीत घुमणारी तालीम. पांढऱ्या विजारी घालून टेनिस खेळणारा जिमखाना त्यापासून बराच दूर पडतो.

'खाना' फारसी आहे आणि पुण्याला तो मुळीच परका नव्हता. शिवकालापासून राज्याचा संसार ज्या खात्यांत वाटलेला होता ते अठरा कारखाने प्रसिद्धच आहेत. जामदारखाना, तोफखाना, शिलेखाना, पीलखाना, दारूखाना, मुदपाकखाना असे शब्द पेशवाईच्या कागदांत जागोजागी भेटतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. तंबू, बिछायती ठेवण्याच्या फरासखान्याचे नाव आज बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याने जपले आहे. इंग्रजी अमलात छापखाना आणि दवाखाना आले, तेही याच वळणाने. त्यामुळे जिमखाना पुण्यात आला तेव्हा त्याचे मराठीकरण करण्याची गरज कोणाला वाटली नाही. विभक्तीचे प्रत्ययही त्याने घरच्यासारखे घेतले: जिमखान्यात, जिमखान्याचा, जिमखान्यावर. क्लब, ग्राउंड, पॅव्हेलियन हे त्याच्याबरोबर आलेले शब्द इतके मुरले नाहीत.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पेशवाई संपली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. लष्कर किंवा कॅम्प म्हणतात तो हा भाग. पुढे मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्याचे महिने पुण्यात काढू लागले आणि गणेशखिंडीत त्यांच्यासाठी मोठा वाडा उभा राहिला. जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात सरकार, सैन्याचे वरिष्ठ अधिकारी आणि त्यांची कुटुंबे पुण्यात जमत. या हंगामाला करमणूक हवी होती. घोड्यांच्या शर्यती, पोलो, क्रिकेट, टेनिस, बॅडमिंटन यांची सोय एका आवारात करणारा जिमखाना ही त्या गरजेतून आलेली व्यवस्था. (बॅडमिंटनला तर एके काळी इंग्रजीत 'पूना' असेच म्हणत.) 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये १८७७ सालचा एक वृत्तपत्री मजकूर आहे, त्यात चाकांच्या बुटांवर घसरण्याचे मैदान, टेनिस आणि बॅडमिंटन एकाच कुंपणात आणण्याचा प्रस्ताव दिसतो. जिमखाना म्हणजे व्यायाम नव्हे. तो अंग हलवून केलेला विरंगुळा होता, हे या यादीवरूनच कळते. कोशकारांनी दिलेल्या उदाहरणांत ई. एच. एट्किन यांच्या १८८३ सालच्या 'ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' या पुस्तकातलेही एक आहे. एट्किन साताऱ्यात जन्मले आणि काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होते. शब्दाच्या पहिल्या छापील साक्षीदारांपैकी एक असा याच मुलखातला निघतो.

त्या काळच्या जिमखान्याला दार होते आणि दारावर रंग पाहिला जाई. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना फक्त युरोपियनांचा होता. त्याच्या सभासदांचे पोलोचे घोडे मैदान उखडून टाकत आणि त्याच मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पारशी व हिंदू तरुणांनी १८८०च्या दशकात त्याविरुद्ध सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. त्यातून निघालेला तोडगा मोठा विचित्र होता. दार उघडण्याऐवजी आणखी दारे बांधण्यात आली. १८८५ मध्ये पारशी जिमखाना निघाला. १८९० ते १८९५ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत समुद्राकाठच्या जागेवर इस्लाम जिमखाना आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना आले. जिमखान्याच्या नावाआधी धर्म लिहिण्याची पद्धत इथे पक्की झाली आणि मुंबईच्या क्रिकेटला तिने पन्नास वर्षे पुरेल इतका मसाला दिला. युरोपियन आणि पारशी यांच्यातल्या सामन्यांत १९०७ साली हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान, १९३७ मध्ये 'इतर'. महात्मा गांधींनी १९४० साली धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेला उघड विरोध केला. ती थांबली तेव्हा स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते.

या सामन्यांचा पुण्याशी जवळचा संबंध होता. युरोपियन विरुद्ध पारशी या लढतींपैकी एक मुंबईत होई, तर दुसरी पुण्यात, पूना जिमखान्याच्या मैदानावर. कारण साधे होते: सामन्यांच्या दिवसांत गव्हर्नर पुण्यात असत आणि लॉर्ड हॅरिस स्वतः क्रिकेटवेडे होते.

कॅम्पातल्या गोऱ्यांच्या मैदानावर त्या काळी एक मुलगा रोलर फिरवत होता. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. चर्मकार जातीतले हे कुटुंब मूळचे कोकणातले. वडील सैन्यात नोकरीला होते. बाळूने आधी पारशांच्या एका क्लबात खेळपट्टीची झाडलोट केली आणि १८९२ च्या सुमारास तो पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागला. खेळपट्टी दाबायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी उभारायची, टेनिसची कोर्टे आखायची. सरावाला साहेबांना गोलंदाजी करणे हा त्याच्या कामाचाच एक भाग होऊन बसला. फलंदाजी मात्र कोणी दिली नाही, कारण ती सभासदांची. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामवंत फलंदाज बाळूने आपल्याला बाद केले की त्याला आठ आणे देत, असे सांगतात. डावखुऱ्या फिरकीचे असामान्य शिक्षण त्याला अशा नोकरीत मिळाले.

बाळूच्या गोलंदाजीची बातमी शहरात गेली आणि पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. घ्यायचा तर जात आडवी येते. अखेर त्याला घेतले. मैदानात एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे, पण चहाच्या वेळी इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात आणि बाळूला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पूना हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळवले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी बाळूची जाहीर वाखाणणी केली. १८९६ च्या सुमारास तो मुंबईला गेला आणि पुढे हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे गेले. जिमखाना या शब्दाचा सामाजिक इतिहास लिहायचा झाला तर त्याची सुरुवात चुन्याची बालदी घेऊन उभ्या असलेल्या या माणसापासून करावी लागेल. सभासदांच्या यादीत तो सापडणार नाही.

पुण्यातल्या नेटिव्ह जिमखान्यांचा उदय याच पार्श्वभूमीवर झाला. पी. वाय. सी. हे नाव मूळचे 'पूना यंग क्रिकेटर्स' असे आहे. मुंबईच्या धर्तीवर त्याच्या नावात 'हिंदू जिमखाना' आले आणि ते आजही आहे. भांडारकर रस्त्यालगतच्या या मैदानावरच्या कोणालाही विचारले तरी तो 'पीवायसी' एवढेच म्हणतो. पुण्याच्या क्रिकेटला घडवणाऱ्यांत प्रा. दि. ब. देवधर यांचे नाव पहिले. १९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी केलेल्या १४८ धावांनी भारताला कसोटी दर्जा मिळण्याच्या मागणीला बळ दिले.

डेक्कन जिमखान्याची गोष्ट वेगळी आहे. तो १९०६ च्या ऑक्टोबरात स्थापन झाला. बाळकृष्ण नारायण तथा बंडोपंत भाजेकर हे त्याचे संस्थापक मानले जातात. वेळ पाहण्यासारखी आहे. वर्षभरापूर्वी, १९०५ च्या दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली होती. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द ऐन भरात होते. अशा काळात पुण्याच्या मंडळींनी आपल्या संस्थेला नाव दिले ते साहेबाच्या क्लबाचे, आणि त्याआधी शब्द लावला तोही साहेबाने वळवलेला. 'डेक्कन' म्हणजे दक्षिणेचे दक्खन होऊन इंग्रजी उच्चारातून परत आलेले रूप. मात्र त्यात गुलामी पाहण्याचे कारण नाही. डेक्कन कॉलेज आणि १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांनी तो शब्द पुण्यात आधीच सन्मानाचा केला होता. शिवाय मुंबईत जिथे हिंदू, पारशी, इस्लाम अशी विशेषणे लागत होती, तिथे पुण्याच्या या संस्थेने प्रदेशाचे नाव घेतले. मुंबईच्या जिमखान्यांशेजारी ठेवून पाहिले की ही निवड उठून दिसते.

शहरात व्यायामाची जुनी परंपरा नव्हती असे नाही. उलट ती फार दाट होती. चिंचेची तालीम, खालकर तालीम, नगरकर तालीम ही नावे आजही पेठांत आहेत आणि गंज पेठेतल्या लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीचा उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासात वारंवार येतो. पण तालीम आणि जिमखाना यांत नुसत्या साधनांचा फरक नव्हता. तालमीत वस्ताद असतो, जिमखान्यात सेक्रेटरी. तालमीला गणपती-मारुती लागतो, जिमखान्याला घटना आणि वार्षिक सभा. तालमीत माणूस गुरूचा पठ्ठा होतो, जिमखान्यात वर्गणी भरून सभासद. इंग्रजी शिकलेल्या मध्यमवर्गाला दुसरी पद्धत मानवली. पुढे दोहोंना जोडणाऱ्याही संस्था निघाल्या. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली काढलेले महाराष्ट्रीय मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. देशी आणि विदेशी व्यायाम त्यांनी एका छपराखाली आणले आणि नावात मात्र जिमखाना येऊ दिला नाही.

तालीम आणि जिमखाना यांची सर्वांत गमतीची भेट ऑलिंपिकच्या निमित्ताने झाली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना अध्यक्ष म्हणून सर दोराबजी टाटा आणि पाहुणे म्हणून गव्हर्नर जॉर्ज लॉइड हजर होते. धावणारे बहुतेक शेतकरी घरातले, अनवाणी. नियम अर्धेमुर्धे, मैदान खडबडीत. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास जाणाऱ्या निघाल्या. हे पाहून टाटांनी लॉइड यांच्याकडे विषय काढला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचे ठरले. निवडीच्या चाचण्या पुण्यात झाल्या. सहा खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत संपवून एकोणिसावे आले. कोल्हापूरच्या मातीतले रणधीर शिंदे फ्री स्टाइल कुस्तीत ब्राँझपदकाच्या लढतीपर्यंत पोचले आणि तिथे हरले. गाद्यांवरची कुस्ती त्यांच्यासाठी नवी होती. भारताच्या ऑलिंपिक संघाचा उगम असा गोऱ्यांकडून उचललेल्या नावाच्या संस्थेत आहे. त्या संस्थेने पुढे केलेली माणसे मात्र गावची आणि तालमीची होती.

मैदानासाठी मोठी मोकळी जागा हवी, ती पेठांत नव्हती. नदीपलीकडे भांबुर्डे आणि एरंडवणे या गावांच्या हद्दीत शेते होती. जिमखाना तिकडे गेला आणि त्याच्यामागून घरे गेली. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तिथे भूखंड पाडून बंगल्यांची वसाहत उभी राहिली: प्राध्यापक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. प्लेगच्या साथींनी गजबजलेल्या वाड्यांची भीती लोकांच्या मनात बसवली होती, हेही या स्थलांतरामागचे एक कारण. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिच्याकडे जाणारा रस्ता प्रभात रोड झाला. १९३५ साली गुडलक कॅफे उघडला. बघता बघता संस्थेचे नाव वस्तीचे झाले. पेठेतला आणि जिमखान्यावरचा असा भेद पुणेरी बोलण्यात रुळला. त्यात राहणीमानाची एक सूक्ष्म पायरी सुचवली जाई आणि दोन्ही बाजू ती आपल्या बाजूने मोजत.

पुढे नावाचा पुढचा अर्धा झिजला. आज तरुण माणूस 'डेक्कनला भेटू' म्हणतो. दक्षिणेचे सगळे पठार एका चौकात मावले आहे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. जुने लोक अजून 'जिमखान्यावर' म्हणतात. '-वर' हा प्रत्यय नीट पाहिला तर तो मैदानाचा आहे: मैदानावर, तसे जिमखान्यावर. संस्थेत जाणारा 'जिमखान्यात' जातो. वस्तीत राहणारा 'जिमखान्यावर' राहतो. एका अक्षराने पत्ता बदलतो. पुणे मेट्रोच्या १ ऑगस्ट २०२३ रोजी खुल्या झालेल्या टप्प्यात नदीकाठच्या स्थानकाला पूर्ण नाव देण्यात आले आहे, डेक्कन जिमखाना.

शिक्षणसंस्थांत शब्दाने तिसरा अर्थ धारण केला. महाविद्यालयांत जिमखाना म्हणजे खेळांचा विभाग, त्याची खोली, त्यातले बॅटी-पॅडचे कपाट. प्रवेशाच्या पावतीवर 'जिमखाना फी' असते. खेळ न खेळणाराही ती भरतो. जिमखाना सेक्रेटरी हे पद एके काळी निवडणुकीने मिळे आणि त्यासाठी चुरस होई. जिमखाना डे म्हणजे बक्षीस समारंभ. मुंबईच्या आणि खरगपूरच्या आय. आय. टी.त तर विद्यार्थ्यांच्या संपूर्ण प्रातिनिधिक संघटनेलाच जिमखाना म्हणतात आणि वादविवाद, नाटक, संगीत यांचाही कारभार तिच्याकडे असतो. पंजे लढवणाऱ्याची जागा भाषण करणाऱ्याने घेतली तरी पाटी तीच आहे.

इंग्रजीत शब्द दुसऱ्या वाटेने गेला. जागेवरून तो त्या जागी भरणाऱ्या मेळाव्याला लागला. १८८१ साली माल्टातल्या इंग्रज सैनिकांनी घोड्यांच्या खेळांसाठी तो वापरला होता. इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचा अर्थ घोड्यांपुरता उरला. बादलीत बटाटा टाकणे, खांबांमधून नागमोडी धावणे असे खेळ तट्टांवरून खेळणारी मुले हा त्याचा मुख्य संदर्भ झाला. पुढे घोड्याच्या जागी मोटार आली: अडथळ्यांमधून गाडी गरगरा वळवत नेण्याच्या क्रीडाप्रकाराला आज जगभर जिमखाना म्हणतात. २०१३ साली लंडनमध्ये उघडलेल्या एका उंची भारतीय उपाहारगृहाचे नाव जिमखाना आहे. तिथे वसाहतकाळच्या क्लबाची सजावट आहे आणि मैदान नाही.

मराठीत अलीकडे 'जिम' हा सुटा शब्द आला आहे. लोखंडी वजने, आरसे, धावपट्टी असलेली खोली ती जिम. तिथे माणूस एकटा व्यायाम करतो. 'जिमखाना' या शब्दाचे ते लघुरूप नाही, इंग्रजीतून नव्याने, वेगळ्या गाडीने आलेले आहे. पुण्यात 'जिमला जातो' आणि 'जिमखान्यावर जातो' ही दोन वाक्ये कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्याला घाम येतो. दुसरा टेनिस खेळून, पत्ते खेळून किंवा नुसती कॉफी पिऊनही परत येऊ शकतो.